यंत्र दिलं, पुढे काय?

कोरोनाच्या साथीत सेवाभावी क्लबांनी रुग्णालयांना जी यंत्रं दिली, त्यांच्याविषयी प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात लिहिलं होतं. पत्रांचा ढीग आला. देणाऱ्यांची आली, घेणाऱ्यांची आली आणि रागावलेल्यांचीही आली. मी रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात नोकरी केली. खोकं उघडणं, यंत्र जोडणं, ते बंद पडलं की रात्री धावणं हेच काम होतं. त्यामुळे उत्तरं त्या बाजूने उभं राहून दिली आहेत. नावं पत्रलेखकांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : साथीच्या ऐन भरात आमच्या क्लबने निधी गोळा करून एका रुग्णालयाला पाच व्हेंटिलेटर दिले. हस्तांतराचा कार्यक्रम झाला, फोटो छापून आले. वर्षभराने चौकशी केली तर दोन वापरात, एक बंद आणि दोन खोक्यातून बाहेरच काढलेले नाहीत. पेन्शनमधून पैसे देणारे सभासद मला जाब विचारताहेत. रुग्णालयाने आपल्याला फसवलं, यापुढे रुग्णालयांना काही द्यायचंच नाही, असा ठराव येऊ घातला आहे. मी काय सांगू?
(एका क्लबचे माजी सेक्रेटरी)

उत्तर : तो ठराव होऊ देऊ नका, ही पहिली विनंती. तुमच्या सभासदांचा राग खरा आहे. तो ज्यांच्यावर निघतोय ती माणसं बहुधा चुकीची आहेत.

व्हेंटिलेटर चालायला काय काय लागतं ते बघा. साधारण चार बार दाबाने येणारा ऑक्सिजन हवा, म्हणजे भिंतीतली पाइपलाइन किंवा मॅनिफोल्ड, म्हणजे अनेक सिलिंडर एकत्र जोडायची सोय, आलं. यंत्रात बाहेरची हवा ओढणारा स्वतःचा टर्बाइन नसेल तर दाबाखालची हवाही वेगळी लागते. वीज गेली तरी क्षणात दुसरीकडून मिळणारी वीज हवी. शेजारी मॉनिटर, सक्शन आणि रक्तातले वायू तपासायची सोय हवी. रुग्णागणिक बदलायचं सर्किट (रुग्णाला जोडायच्या नळ्या), फिल्टर, हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरची चेंबर, अधूनमधून प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर, ठरावीक काळाने ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारा ऑक्सिजन सेल. हे सगळं जमलं तरी यंत्रापाशी उभं राहणारं माणूस लागतंच. व्हेंटिलेटरवरच्या एक-दोन रुग्णांमागे एक प्रशिक्षित सिस्टर, तीही तिन्ही पाळ्यांत. पाच यंत्रं आली तेव्हा त्या रुग्णालयात आयसीयूत काम केलेल्या सिस्टर किती होत्या, हे कुणी विचारलं होतं का? दोन यंत्रांपुरती माणसं असतील तर दोनच यंत्रं चालणार. बाकीची खोक्यात राहिली याचा अर्थ कुणीतरी शहाणपणाने ती उघडली नाहीत. ज्याला अलार्म ओळखता येत नाही त्याच्या हाती व्हेंटिलेटर दिला तर रुग्णाचा जीव जातो.

तुमच्यासारखा अनुभव जगभर आला आहे, कोरोनाच्या आधीही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेरी आणि माल्किन या संशोधकांनी 16 देशांतल्या रुग्णालयांच्या 1,12,040 यंत्रांच्या नोंदी तपासल्या. साधनं तुटपुंजी असलेल्या या रुग्णालयांतली 38.3 टक्के यंत्रं बंद होती. कारणांत प्रशिक्षणाचा अभाव, यंत्रांच्या व्यवस्थापनाचा अभाव आणि वीज-पाण्यासारख्या पायाभूत सोयींची कमतरता होती. फसवणूक हे कारण तिथे कुणी मांडलेलं नाही.

आता तुमच्या यंत्रांचं बघू. वैद्यकीय अधीक्षकांना भेटा, पण तेवढ्यावर परत येऊ नका. आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरना आणि यंत्रं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला भेटा. बंद पडलेलं यंत्र नक्की कशासाठी बंद आहे हे त्यांच्याकडून कळेल. माझ्या अनुभवात अशा वेळी कारण लहान निघतं. फ्लो सेन्सर गेलेला असतो, बॅटरी उतरलेली असते किंवा सर्किट संपलेली असतात आणि मागणीपत्र कुठल्या तरी टेबलावर पडलेलं असतं. मूळ देणगीच्या मानाने फार थोडक्या पैशांत ते यंत्र उभं राहील. खोक्यातल्या दोन यंत्रांची वॉरंटी कधी सुरू झाली ते कागदावर तपासा. ती इन्स्टॉलेशनच्या दिवसापासून मोजतात की माल पोचल्यापासून, हे कंपनीगणिक बदलतं. एक गोष्ट मात्र उद्यावर टाकू नका. ऑक्सिजन सेल आणि बॅटरी खोक्यात पडूनही झिजतात. यंत्र कोरं दिसतं, पण आतून ते कोरं राहिलेलं नसतं. रुग्णालयाला दोनच यंत्रं पेलत असतील तर त्यांच्या लेखी संमतीने उरलेली दुसऱ्या गरजू रुग्णालयाकडे जाऊ द्या. त्यात कुणाचाही अपमान नाही.

आणखी एक गोष्ट मी मनापासून सांगते, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ मला तिथे दिसतं. रोटरी असो वा लायन्स, क्लबचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. अध्यक्ष बदलतो, बोर्ड बदलतं, नव्या अध्यक्षाला नवा प्रकल्प हवा असतो. यंत्राचं आयुष्य मात्र आठ-दहा वर्षांचं. त्यातलं पहिलंच वर्ष तुमच्या वार्षिक अहवालात येतं आणि नेमकं ते वॉरंटीचं, म्हणजे बिनत्रासाचं वर्ष असतं. खरी गरज सुरू होते तेव्हा देणगीदाराच्या घरात त्या यंत्राची आठवण असलेलं माणूसही उरलेलं नसतं. देखभालीचा ढोबळ ठोकताळा यंत्राच्या किमतीच्या दरवर्षी 5 ते 10 टक्के असा आहे. पाच यंत्रांचा निधी जमला असेल तर तीनच घ्या आणि उरलेल्या पैशांतून देखभाल करार, लागणारे सुटे भाग आणि सिस्टरांचं प्रशिक्षण बांधून द्या. फोटोत तीन दिसतील, पण तिन्ही चालतील.

क्लबांना हे जमत नाही, असं मला कुणी सांगू नये. रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम 1985 मध्ये हाती घेतला. 1988 मध्ये जागतिक मोहीम सुरू झाली तेव्हा 125हून अधिक देशांत वर्षाला साडेतीन लाख मुलं पोलिओने पंगू होत होती. पुढची सगळी वर्षं, अध्यक्षामागून अध्यक्ष बदलले तरी, त्या कामाचा निधी आटला नाही. तो निधी लशीपुरता नव्हता. शीतपेट्या, देखरेख, प्रयोगशाळा, दारोदार जाणारी माणसं यांवरही तो खर्च झाला. कोरोना आला तेव्हा अनेक देशांत पोलिओसाठी उभी केलेली हीच माणसं रुग्ण शोधायच्या कामाला लागली. तुमच्या सभासदांना हा दाखला द्या.

प्रश्न : ताई, मी पुढच्या वर्षी क्लबची अध्यक्ष होणार आहे. तुम्ही नेहमी लिहिता की आधी गरज विचारा. पण साथीत लोक डोळ्यांदेखत जात असताना सर्वेक्षण करत बसायचं का? तेव्हा जे मिळेल ते उचलून देणं हेच माणुसकीचं नाही का?

उत्तर : तुमचा प्रश्न मला मान्य आहे. सर्वेक्षणाला वेळ नसतो. एका फोनला असतो, आणि मी तेवढाच मागते आहे.

11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महासाथ म्हटलं. त्या दिवसांत जगातलं प्रत्येक रुग्णालय एकाच वेळी एकाच वस्तूच्या मागे लागलं होतं आणि ती वस्तू म्हणजे व्हेंटिलेटर. बातम्यांत तोच, देणगीच्या आवाहनात तोच. आम्ही आत होतो तेव्हा कमी काय पडत होतं? ऑक्सिजन, आणि तो देणारे हात.

ऑक्सिजनचं गणित एकदा मांडून बघा. नाकातून जोरदार प्रवाहाने ऑक्सिजन देणारं हाय-फ्लोचं यंत्र क्लबांनी हौसेने दिलं. यंत्र चांगलंच आहे, त्याने अनेकांच्या घशात व्हेंटिलेटरची नळी घालणं टळलं. पण ते मिनिटाला 60 लिटर प्रवाहावर, पूर्ण ऑक्सिजनवर ठेवलं तर दिवसाला 86,400 लिटर खातं. मोठ्या सिलिंडरात साधारण 7,000 लिटर मावतो. म्हणजे एका रुग्णाला एका दिवसात बारा सिलिंडर, दर दोन तासांनी एक. पाइपलाइन नसलेल्या वॉर्डात अशी चार यंत्रं दिली तर ती चालवायची कशी? सिलिंडर ढकलत आणणाऱ्या वॉर्डबॉयच्या खांद्यांकडे बघा. त्याच पैशांत द्रव ऑक्सिजनची टाकी किंवा मॅनिफोल्ड झालं असतं तर अख्ख्या वॉर्डाला पुरलं असतं. एक लिटर द्रव ऑक्सिजनापासून सुमारे 860 लिटर वायू मिळतो, यावरून टाकीचं मोल कळेल.

हातांचं म्हणाल तर 1952 च्या कोपनहेगनइतका मोठा दाखला मला दुसरा माहीत नाही. पोलिओची भयंकर साथ आली तेव्हा तिथल्या ब्लेगडाम रुग्णालयात अख्खं शरीर आत घेणारा आयर्न लंग एकच होता आणि छातीवर बसवायची लहान यंत्रं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाचा त्रास असलेल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. मग ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने 27 ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद देऊन नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. ती वाचली. त्यानंतर सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने त्या पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण खाली आलं. आयसीयू नावाची व्यवस्था त्यातून जन्मली.

म्हणून फोनवर विचारायचे ते प्रश्न असे : आज तुमच्याकडे काय संपलं आहे? आमच्या मनात जे यंत्र आहे ते ठेवायला जागा, वीज आणि ऑक्सिजन आहे का? ते चालवायला कोण आहे? तुमच्याकडे आधीपासून कुठल्या कंपनीचं आहे? पाच मिनिटांचा फोन होतो. आणि उत्तर "कॅन्युला, मास्क, हातमोजे संपलेत" असं आलं, तर तेच द्या. त्याच्यासमोर फीत कापून फोटो काढता येत नाही, हे मला कळतं. तरी तेच द्या.

प्रश्न : मॅडम, मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. साथीत आम्हाला चार संस्थांनी मॉनिटर दिले, चारही वेगळ्या कंपन्यांचे. एकाचा प्रोब, म्हणजे रुग्णाला लावायचा सेन्सर, दुसऱ्याला बसत नाही, रक्तदाबाचा कफ बसत नाही, स्क्रीन वेगळे, अलार्मचे आवाज वेगळे. नव्या मुलींना काय शिकवू तेच कळत नाही. तक्रार केली तर फुकट मिळालंय, मिळेल ते घ्या असं ऐकावं लागतं.

उत्तर : तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. "फुकट मिळालंय" हे वाक्य माझ्यासमोर कुणी म्हटलं की मला संताप येतो, कारण त्याची किंमत रात्रपाळीतली सिस्टर भरते. घाईत अलार्म ओळखू आला नाही तर रुग्णही भरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2000 साली यंत्रांच्या देणगीसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. घेणाऱ्याला जास्तीत जास्त फायदा व्हावा, घेणाऱ्याच्या इच्छेचा आणि अधिकाराचा मान राखावा, देणाऱ्याने स्वतःसाठी एक आणि घेणाऱ्यासाठी दुसरा असा दर्जा लावू नये, दोघांत नीट बोलणं व्हावं. यातलं दुसरं तत्त्व तुमचं आहे. नको ते नाकारायचा हक्क घेणाऱ्याला आहे. अधीक्षकांना सांगून वॉर्डची एक यादी करून घ्या : कुठलं यंत्र, कुठल्या जातीचं, कुठली जोडणी. पुढचा देणगीदार आला की तीच त्याच्या हाती ठेवायची. आत्तापुरतं एवढं करा की एका खोलीत एकाच कंपनीचे मॉनिटर येतील अशी अदलाबदल करा आणि प्रत्येक मॉनिटर आणि त्याचे प्रोब एकाच रंगाच्या चिकटपट्टीने खुणावून ठेवा. आम्ही हे केलं होतं, गोंधळ बराच कमी झाला.

प्रश्न : आमचा क्लब घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर वाटणार आहे, पुढच्या साथीची तयारी म्हणून. काही सूचना?

उत्तर : उपक्रम चांगला, वस्तू लहान आणि खरोखर उपयोगी. या यंत्राचं मूळ तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने 1970च्या दशकात शोधलं. ते एप्रिल 2020 मध्ये वारले, नेमकं त्यांचं यंत्र जगभर घराघरांत पोचत होतं तेव्हा. मला हे आठवलं की अजून गलबलून येतं.

पण वाटताना त्याची मर्यादा सांगा, आणि आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या कातडीच्या माणसांना तर आवर्जून सांगा. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर 92 ते 96 असा दिलासादायक आकडा दाखवत असताना रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन 88च्या खाली निघाला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या 11.7 टक्के मोजण्यांत झालं आणि गोऱ्यांच्या 3.6 टक्के. म्हणजे आकडा ठीक असून धाप लागत असेल तर धापेवर विश्वास ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. बोट गार नको, नखाला रंग नको, हात स्थिर हवा, आकडा थोडा वेळ टिकू द्यायचा. हे मोठ्या अक्षरांत छापून खोक्यात घाला. आणि खेळण्यासारखे स्वस्त, प्रमाणपत्र नसलेले घेऊ नका. पन्नास चांगले हे दोनशे वाईटांपेक्षा बरे.

प्रश्न : आमच्या क्लबची ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची बँक आहे. साथ ओसरल्यापासून बरीच यंत्रं एका सभासदाच्या गोदामात आहेत. प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून ठेवली आहेत. पुढच्या वेळी कामाला येतील ना?

उत्तर : अशीच ठेवली तर नाही येणार.

कॉन्सन्ट्रेटरच्या पोटात झिओलाइट नावाचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेला, साधारण 90 ते 96 टक्के शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. हे दाणे नायट्रोजनपेक्षाही ओढीने ओलावा धरतात. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिलं की दाणे हवेतला दमटपणा पिऊन निकामी होतात. मग यंत्र सुरू होतं, घुर्र आवाज येतो, बाहेर वाराही येतो, पण त्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. रुग्णाच्या घरच्यांना वाटतं की ऑक्सिजन चालू आहे. याहून धोकादायक काही नाही.

महिन्यातून एकदा प्रत्येक यंत्र काही तास चालवा, नेमके किती ते त्याच्या माहितीपुस्तिकेत असतं. शुद्धता मोजायचा ॲनलायझर क्लबने एकदाच विकत घ्यावा. 82 टक्क्यांच्या खाली आकडा आला तर ते यंत्र देऊ नका. मागचा फिल्टर धुवा, वापराचे तास लिहून ठेवा. आणि साथीची वाट कशाला बघायची? फुप्फुसाच्या जुन्या आजाराची माणसं आजही घरी ऑक्सिजनवर आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यंत्रं फिरती ठेवा, ती त्यांच्याही तब्येतीला मानवतात. फक्त पाच लिटरच्या यंत्राने पंधरा लिटर लागणारा रुग्ण सांभाळता येत नाही आणि नेहमीचा, पाइपलाइनवर चालणारा आयसीयूचा व्हेंटिलेटर त्यावर चालत नाही, हे घेऊन जाणाऱ्याला समजावून सांगा.

प्रश्न : परदेशातला एक क्लब आम्हाला वापरलेले बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारी श्वासाची यंत्रं) पाठवायला तयार आहे. घ्यावेत का?

उत्तर : मॉडेल आणि सिरियल नंबर हाती आल्याशिवाय होकार देऊ नका. जून 2021 मध्ये एका मोठ्या उत्पादकाने आपली लाखो सीपॅप-बायपॅप यंत्रं आणि काही व्हेंटिलेटर परत मागवले, कारण आवाज कमी करायला आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. नंबर परत मागवलेल्यांच्या यादीशी ताडून बघा. सुटे भाग अजून मिळतात का, व्होल्टेज जुळतं का, शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं हेही विचारा. त्या क्लबच्या सभासदांनी स्वतःच्या आईला ते यंत्र लावलं असतं का, हा प्रश्न सभ्य शब्दांत विचारायला हरकत नाही.

प्रश्न : आमचाच एक सभासद वैद्यकीय यंत्रांचा पुरवठादार आहे. तो ना नफा तत्त्वावर द्यायला तयार आहे. काही जण कुरकुर करतात.

उत्तर : कुरकुर रास्त आहे, सभासद प्रामाणिक असला तरी. कुठलं यंत्र हे रुग्णालयाने लिहून द्यावं, दरपत्रकं आणखी दोघांकडून मागवावीत आणि निवडीच्या बैठकीत त्या सभासदाने बसू नये. क्लबच्या आंतरराष्ट्रीय फाउंडेशनकडून अनुदान घेणार असाल तर हितसंबंध जाहीर करावे लागतातच.

प्रश्न : यंत्रावर क्लबच्या नावाचा फलक लावावा का? आमच्यात यावरून दोन तट पडलेत.

उत्तर : लावा. त्यावर नावाखाली इन्स्टॉलेशनची तारीख, वॉरंटी कधी संपते, सर्व्हिसचा फोन आणि पुढच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासण्याची, तारीख लिहायला जागा ठेवा. जी तारीख उलटून गेली असेल ती तुमच्या नावासकट सगळ्यांना दिसेल, आणि क्लबमधलं कुणीतरी रुग्णालयाला फोन करेल.

प्रश्न : मी निवृत्त इलेक्ट्रिशियन, क्लबचा साधा सभासद. मोठी देणगी देण्याची ऐपत नाही. साथीत सगळे पैसे देत होते आणि मी नुसता बघत होतो, याची खंत आहे. माझ्याकडून काही होण्यासारखं आहे का?

उत्तर : दादा, तुमच्यासारख्याची वाट बघण्यात माझी सगळी नोकरी सरली.

साथीत रुग्णालयांनी साध्या वॉर्डांचे रातोरात आयसीयू केले. जी वायरिंग पंखे-दिव्यांसाठी होती तिच्यावर व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, कॉन्सन्ट्रेटर असा भार आला. एक्स्टेन्शन बोर्डाला एक्स्टेन्शन बोर्ड जोडलेले मी पाहिले आहेत, गरम झालेले, आणि आजूबाजूला हवेत नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन. 24 एप्रिल 2021 च्या रात्री बगदादच्या इब्न अल-खतीब रुग्णालयातल्या कोरोना विभागात ऑक्सिजन सिलिंडरांपासून आग भडकली आणि 80हून अधिक माणसं गेली. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या संगतीत एक ठिणगी पुरते.

तुम्ही रुग्णालयाच्या परवानगीने आणि त्यांच्या विद्युत विभागाच्या माणसाला सोबत घेऊन प्रत्येक बेडमागच्या सॉकेटचं अर्थिंग तपासा. सैल सॉकेट, काळे पडलेले प्लग यांची यादी करा. कुठल्या सर्किटवर किती भार आहे ते लिहा. जनरेटर सुरू व्हायला किती सेकंद लागतात आणि तेवढा वेळ यूपीएस तग धरतो का, ते त्यांच्याकडून करून बघून घ्या, रुग्ण यंत्रावर नसताना. व्होल्टेजच्या चढउतारांनी जळालेले पॉवर सप्लाय बोर्ड मी इतके बदलले आहेत की क्लबने यंत्राआधी वायरिंगला पैसे द्यावेत असं मला वाटतं, आणि ते पटवून द्यायला तुमची यादी लागेल. फोन करून जा. सकाळी राऊंड असतो, तेव्हा नको. दुपारच्या पाळीच्या सिस्टर येऊन स्थिरावल्या की जा, आणि टेस्टर नाही, मल्टिमीटर न्या.